पाहुण्यांच्या खोलीत पलंग केवढा घ्यावा? (अनुभव धागा)

पिंपळपार (जळगाव)
गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक ताई हातात टेप घेऊन आपली रिकामी खोली मोजत होत्या. अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशांना ती भाड्याने द्यायची आहे, तेव्हा पलंग सहा फुटी घ्यावा की पाच फुटी, असे त्यांनी मला विचारले, आणि सहा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने करून ठेवलेला घोळ डोळ्यांसमोर उभा राहिला.

मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर त्याची दहा बाय अकराची खोली ओस पडली होती. अजिंठा इथून साठेक किलोमीटर. त्यामुळे रेल्वेने येणारे पुष्कळ लोक एक रात्र जळगावात काढतात. दुकानदार म्हणाला, "पाहुणे म्हटले की किंगच घ्या," आणि मी भुललो. ७२ बाय ७८ इंचांचा पेटीपलंग आणि त्यावर तेवढीच अखंड गादी घेतली. ती गादी जिन्याच्या वळणावर अशी अडकली की शेवटी दोर बांधून गॅलरीतून वर ओढावी लागली. पलंग मांडल्यावर कपाटाचे एक दार अर्धेच उघडू लागले, ते आजतागायत अर्धेच उघडते.

पहिले पाहुणे म्हणून आले ते बहीण-भाऊ, दोघेही चाळिशी ओलांडलेले. सोमवारी लेणी बंद असतात हे ठाऊक नसल्यामुळे त्यांचा मुक्काम एका रात्रीचा दोन रात्रींवर गेला. पलंग कितीही ऐसपैस असला तरी तो एकच होता, त्यामुळे भाऊ दोन्ही रात्री गच्चीवर माझ्या वडिलांच्या बाजेवर झोपला. मे महिना होता आणि संध्याकाळी पाणी मारूनही गच्ची मध्यरात्रीपर्यंत तापलेलीच होती. सकाळी तो चहाला खाली आला तेव्हा त्याच्या दंडावर सुंभाची नक्षी उमटलेली होती. त्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, पण मला मात्र पैसे घेताना लाज वाटली.

आपापले अनुभव लिहावेत, म्हणजे त्या ताईंना दाखवता येतील.

बोरीकाठ (अमळनेर)
मंगळग्रह मंदिरामुळे आमची खोली सोमवारी रात्री हमखास भरलेली असते आणि बुधवारपर्यंत रिकामी होते. येणारे बहुधा नवरा-बायको आणि एक-दोन लहान मुले असतात. आम्हीही सहा फुटीच घेणार होतो, परंतु घेण्यापूर्वी सासूबाईंनी जमिनीवर खडूने पलंगाची चौकट आखायला लावली आणि दोन दिवस त्या रेघांवर पाय न देता खोलीत वावरायला सांगितले. आखून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "इतली मोठी खाट कोनले जोयजे?"

दहा फुटांच्या खोलीत सहा फुटी पलंग मधोमध लावला तर दोन्हीकडे दोन-दोन फूट उरतात आणि पाच फुटी लावला तर अडीच-अडीच. कागदावर हे सहा इंच नगण्य वाटतात, पण वाकून चादर खोचताना आपली पाठ भिंतीला टेकणार की नाही, हे त्या सहा इंचांवर ठरते. आम्ही ६० बाय ७८ इंचांचा पलंग घेतला आणि मुलांसाठी पिंजाऱ्याकडून पातळशी कापसाची गादी भरून घेतली, जी दिवसा पलंगाखाली सरकवून ठेवता येते.

पिंपळपार (जळगाव)
ताई, हा खडू सहा वर्षांपूर्वी मिळाला असता तर दोराचे पैसे वाचले असते.

केळीचे पान (रावेर)
चादरींचा हिशेब कोणीच करत नाही, म्हणून मी लिहिते. बाजारात सहज मिळणारी डबल चादर ९० बाय १०० इंचांची असते. पाच फुटी गादीवर ती दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच उतरते. गादी आठ इंच जाड धरली तरी खोचायला सात इंच हाती राहतात. तीच चादर सहा फुटी गादीवर घातली की बाजूला नऊ इंच उतरतात, त्यांतले आठ जाडीत जातात आणि खोचायला एक इंच उरतो. पाहुण्याने रात्री दोनदा कूस बदलली की सकाळी चादर पायाशी गोळा झालेली असते. म्हणून १०८ बाय १०८ ची चादर घ्यावी लागते. ती महाग पडतेच, शिवाय ओली झाली की एकट्या बाईला पिळता येत नाही आणि आमच्या अंगणातल्या दोरीवर घडी घातल्याशिवाय मावत नाही. रोज पाहुणा बदलणार असेल तर असे निदान तीन जोड लागतात, हेही धरून चाला.

पांझरा (धुळे)
माझे मत सर्वांहून निराळे आहे. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात, त्यामुळे आमच्याकडे उतरणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो, औषधांच्या नाहीतर बियाण्यांच्या कामानिमित्त फिरणारा. त्याला पलंग हवा असतो तो पाठ टेकण्यापुरता आणि टेबल हवे असते ते हिशेब लिहिण्यापुरते. मी चार फुटी पलंग ठेवला आणि उरलेल्या जागेत टेबल-खुर्ची व कूलर बसवला. कूलरचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मोठा पलंग खिडकीला भिडला की कूलरचा झोत एकाच माणसाच्या पायावर पडतो आणि दुसरा रात्रभर घामाघूम होतो.

बोरीकाठ (अमळनेर)
भाऊ, पण चार फुटांवर जोडपे आले तर काय करता?

पांझरा (धुळे)
ताई, जोडप्याला मी आधीच फोनवर माप सांगतो. नवे लग्न झालेले असतील तर येतात, जुने असेल तर दुसरीकडे जातात.

गोमाई (शहादा)
सगळे रुंदीवरच अडले आहेत, म्हणून लांबीविषयी लिहितो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. घोडेबाजारासाठी पार पंजाब-राजस्थानपासून लोक येतात आणि त्या दिवसांत आमच्याही खोलीला मागणी असते. आजोबांचा सागवानी पलंग आतून बरोबर सहा फूट लांब होता, उशाला आणि पायथ्याला कोरीव पाट्या होत्या. एका वर्षी त्यावर सहा फूट दोन इंच उंचीचे एक गृहस्थ उतरले. पहाटे मी पाणी तापवायला उठलो तर ते सरळ न झोपता कोनाकोनी झोपलेले दिसले, आणि त्यांच्याबरोबर आलेला भाचा खाली सतरंजीवर होता, कारण पलंगावर त्याच्यासाठी जागाच उरली नव्हती. पायथ्याची पाटी मी सुताराकडून काढून घेतली, तेव्हा आईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. आता नवीन घेणाऱ्याने ७८ इंचांपेक्षा कमी लांबी घेऊ नये आणि पायथ्याला पाटी ठेवूच नये.

गिरणामाई (चाळीसगाव)
पाटणादेवीला येणारी तरुण मुले, मित्र-मित्र, मायलेकी, ऑफिसातले सहकारी असे सगळे प्रकार आमच्याकडे येतात, म्हणून आम्ही ३६ बाय ७८ इंचांचे दोन सुटे पलंग केले. जोडले की बरोबर किंगचे माप होते आणि सोडले की दोन परके माणसेही संकोच न करता झोपू शकतात. मधल्या फटीचा त्रास मात्र खरा आहे. पहिल्या महिन्यात गुळगुळीत फरशीवर दोन्ही पलंग रात्रीतून एकमेकांपासून दूर सरकले आणि मधोमध झोपलेला पाच वर्षांचा मुलगा अलगद खाली उतरला. त्याला काहीच लागले नाही, तो तिथेच झोपून राहिला, पण त्याच्या आईने घर डोक्यावर घेतले. त्यानंतर सुताराने खालच्या बाजूने दोन कड्या बसवल्या, पायांना रबर लावले, आणि जोडपे येणार असेल त्या दिवशी दोन्ही गाद्यांवर मी एक अखंड पातळ गादी पसरते. लोखंडी पाय उघडे असल्यामुळे खालून झाडताही येते. प्रवाशांच्या सामानातून ढेकूण येतात, हे आम्ही एकदा भोगले आहे. पेटीपलंगाच्या सांध्यांतून ते हुडकून काढणे फार जिकिरीचे असते.

केळीचे पान (रावेर)
दोन पलंग म्हणजे सिंगल चादरी, आणि त्या पिळताही येतात. माझे मत गिरणामाईंना.

पिंपळपार (जळगाव)
सर्वांचे लिहिणे त्या ताईंना वाचून दाखवले. त्यांनी खडूने आखून पाहिले आणि दोन सुटे पलंग सांगितले आहेत. लांबी ७८ इंच, पायथ्याला पाटी नाही. माझ्याही किंगला गिऱ्हाईक मिळाले आहे, फक्त तो खाली कसा उतरवायचा, हा प्रश्न आहे.

पांझरा (धुळे)
पलंग खोलता येईल, प्रश्न गादीचा आहे. ज्या दोराने ती वर ओढली होती, तो जपून ठेवला आहे का?

पिंपळपार (जळगाव)
दोर आहे, परंतु सध्या त्याच्यावर १०८ बाय १०८ च्या चादरी वाळत आहेत.