मदत हवी आहे : व्यावसायिक फुटबॉलपटूला प्रशिक्षक व्हायचे आहे

माझा धाकटा भाऊ मुंबईतील एका क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळत होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो सोलापूरला परतला असून, सध्या विटांचे तुकडे मांडून गल्लीतल्या मुलांना पासिंग शिकवतो. माजी फुटबॉलपटू खालिद जमील २००९ मध्ये खेळ थांबवून मुंबई एफसी या क्लबचे प्रशिक्षक झाले आणि २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली, हे त्याला तोंडपाठ आहे. प्रशिक्षकाच्या परवान्यांची वाट मात्र तितकी ठाऊक नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्यानंतर एएफसीचे (आशियाई फुटबॉल महासंघाचे) ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ असे टप्पे आहेत. ‘डी’ अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पूर्ण केलेल्यांनी नोंदणी, खर्च आणि प्रात्यक्षिक परीक्षेविषयी कृपया सांगावे. सुरुवातीला एखाद्या क्लबमध्ये संघव्यवस्थापकाचे काम धरणे शहाणपणाचे ठरेल का?