फॅन्टसी आइस हॉकी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपले गुण), २०२५-२६ हंगामाआधी: सात होतकरू पोरांचा क्रम लावलाय, चुका काढा

निळी रेषा
बारा टीमची डायनॅस्टी लीग आहे, म्हणजे पोरं वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात. नऊ फॉरवर्ड, पाच डिफेन्समन, दोन गोली खेळवायचे. गोलला ३ गुण, असिस्टला (गोलसाठी दिलेल्या पासला) २, तो पॉवर प्लेवर (समोरचा गडी शिक्षेने बाहेर असताना) असेल तर वर अर्धा. शॉट ०.३, ब्लॉक (अंगावर अडवलेला शॉट) ०.४, हिट (अंगाची धडक) ०.२. गोलीला विजयाचे ४, दर सेव्हला ०.२, खाल्लेल्या गोलचा उणे १. प्रॉस्पेक्टचे (होतकरू पोरांचे) स्लॉट सातच. एनएचएल या सगळ्यात वरच्या लीगचे ५० सामने भरले की पोरगा मुख्य संघात घ्या, नाहीतर सोडा.

२०२५-२६ सुरू होण्याआधीचा माझा क्रम:
१. इव्हान डेमिडोव (मॉन्ट्रियल)
२. मायकेल मीसा (सॅन होजे)
३. झेन पारेख (कॅलगरी)
४. मॅथ्यू शेफर (आयलंडर्स)
५. पोर्टर मार्टोन (फिलाडेल्फिया)
६. यारोस्लाव अस्कारोव्ह, गोली (सॅन होजे)
७. ब्रेडी मार्टिन (नॅशव्हिल)

फाडून काढा.

तक्तेवाली
पहिल्या दोघांची अदलाबदल कर. मीसाचे सॅगिनॉ या ज्युनियर संघाकडून ६५ सामन्यांत १३४ पॉइंट (गोल अधिक असिस्ट). ८२ सामन्यांवर नेले तर १६९, आणि त्याच्या ज्युनियर लीगचा, ओएचएलचा, गुणक ०.३ धरला तर एनएचएलच्या मापात ५१. डेमिडोवचे रशियाच्या केएचएल लीगमध्ये ६५ सामन्यांत ४९, ८२ वर ६२, ०.७ ने गुणले की ४३. शिवाय मीसा वयाने चौदा महिन्यांनी लहान. लहान पोरगा पुढे असेल तर वाद कसला?

चौथी फळी
वाद गुणकाचा आहे. ०.३ काढतात ते वर पोचलेल्या पोरांवरून. जी पोचलीच नाहीत ती हिशोबात नाहीत, त्यामुळे ज्युनियरचे गुणक मुळातच फुगलेले असतात. लाफ्रेनिएरने रिमूस्की या ज्युनियर संघात ५२ सामन्यांत ११२ पॉइंट काढले होते, २०२० च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे संघ नवी पोरं निवडतात तो) पहिल्या क्रमांकावर गेला, आणि न्यू यॉर्कमधल्या पहिल्या हंगामात ५६ सामन्यांत २१. पोरगा वाया गेला नाही, २०२३-२४ मध्ये ५७ पॉइंट केलेच. पण गुणकाच्या भरवशावर ज्याने त्याला पहिल्याच वर्षी मुख्य संघात बसवलं त्याने तो हंगाम हातचा घालवला.

दुसरं, मिनिटं. मीसा ज्युनियरमध्ये जवळजवळ अख्खा पॉवर प्ले बर्फावर असतो. डेमिडोव सेंट पीटर्सबर्गमध्ये कित्येक सामन्यांत खालच्या फळीत, मोजकी मिनिटं खेळला, तेही मोठ्या माणसांविरुद्ध. पॉइंट सामन्यामागे मोजू नका, खेळलेल्या ६० मिनिटांमागे मोजा. मग बघा ते ४३ कुठे जातं.

तक्तेवाली
मिनिटांचं मान्य. लाफ्रेनिएरचं नाही. एका पोरावरून गुणक मोडीत निघत नाही, गुणक म्हणजे सरासरी. आणि ६० मिनिटांचा हिशोबही फसवा असतो: कमी मिनिटं मिळणाऱ्याला बऱ्याचदा समोर दमलेली फळी मिळते, त्याचा आकडा आपोआप चढतो.

निळी रेषा
मीसाबद्दल एक अडचण कुणी बोललंच नाही. अठराव्या वर्षी तो एनएचएलच्या लगेच खालच्या एएचएलमध्ये खेळू शकत नाही. कॅनडाच्या ज्युनियर लीगशी एनएचएलचा करारच तसा आहे. म्हणजे सॅन होजे, नाहीतर परत सॅगिनॉ. मधली पायरी नाही. सॅन होजेत सेंटरला (मधल्या फॉरवर्डच्या जागी) पुढे सेलेब्रिनी बसलेला आहेच.

चौथी फळी
तुला ती अडचण वाटते, मला सोय वाटते. परत गेला तर तुमच्या ५० सामन्यांच्या घड्याळात एक मिनिटही पुढे सरकत नाही. उलट डेमिडोवकडे बघ: एप्रिलमध्ये दोन सामने झालेत, उरले ४८. नियमित खेळला तर जानेवारीतच तुला मुख्य संघात जागा करावी लागेल. कुणाला काढणार ते आत्ताच ठरवून ठेव. जागा नसेल तर पहिल्या नंबरचा प्रॉस्पेक्ट तुला बाजारभावापेक्षा कमीत विकावा लागेल, कारण तुझी तारीख बाकीच्या अकरा जणांना माहीत असते.

गल्लीतला रेफ्री
पारेख तिसरा आणि शेफर चौथा? आडनाव ओळखीचं वाटतं म्हणून वर चढवलंय का? ;)

शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७. ड्राफ्टची वयोमर्यादा १५ सप्टेंबरची, म्हणजे अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर २०२६ च्या ड्राफ्टमध्ये असता. तुझा मार्टोन त्याच ड्राफ्टमधला, जन्म ऑक्टोबर २००६. वर्ग एक, पण दहा महिन्यांहून जास्त फरक. या वयात दहा महिने म्हणजे उंची, वजन, पायातली ताकद सगळंच. मार्टोनचे ५७ सामन्यांत ९८ वाचताना हे डोक्यात ठेवा.

निळी रेषा
शेफर खेळलाय किती पण? डिसेंबरात जागतिक ज्युनियर स्पर्धेत कॉलरबोन मोडलं, ईरी या ज्युनियर संघाकडून हंगामात फक्त १७ सामने, २२ पॉइंट. पारेखचे ६१ सामन्यांत १०७, त्यात ३३ गोल. डिफेन्समन आहे तो! त्याआधीच्या वर्षीही ३३ गोलच. एका बाजूला दोन हंगाम, दुसऱ्या बाजूला दीड महिना.

गल्लीतला रेफ्री
पॉइंट कोण करतो यापेक्षा पॉवर प्लेच्या पहिल्या युनिटवर कोण उभा राहतो ते बघ. आयलंडर्सनी ज्या दिवशी शेफरला पहिल्या क्रमांकावर घेतलं त्याच दिवशी आपला डिफेन्समन डॉब्सनला मॉन्ट्रियलला पाठवलं. ब्लू लाईनवरून, म्हणजे मागून, पॉवर प्ले चालवायची जागा मोकळी झाली. कॅलगरीत पारेखच्या पुढे वीगर आणि अँडरसन. दुसऱ्या युनिटवर उरलेले तीसेक सेकंद खेळून डिफेन्समन ५० पॉइंट करत नाही.

आणि ब्लॉकला ०.४ आहेत हे तुझेच नियम. पारेखला आघाडी राखायची असताना शेवटच्या पाच मिनिटांत बर्फावर कोण ठेवेल? शेफरला ठेवतील. ब्लॉक तिथेच मिळतात.

तक्तेवाली
रेफ्रीशी सहमत, आणि मी दोघांनाही मार्टोनच्या बरंच वर ठेवीन. डिफेन्समनची किंमत इथे सगळे कमी लावतात. २०२४-२५ चे दोन नवखे घ्या. मिचकोव्ह: २६ गोल, ३७ असिस्ट, तुमच्या नियमाने ७८ + ७४ = १५२. लेन हटसन: ६ गोल, ६० असिस्ट, १८ + १२० = १३८. मिचकोव्ह १४ ने पुढे दिसतो. पण बारा टीममध्ये १०८ फॉरवर्ड लागतात, डिफेन्समन ६०. फुकट उचलता येणारा फॉरवर्ड गोल-असिस्टचे समजा ९० देतो आणि तसाच डिफेन्समन ५५. मग मिचकोव्हचा नफा ६२, हटसनचा ८३. हे ९० आणि ५५ तुमच्या लीगच्या मोकळ्या खेळाडूंच्या यादीतून काढून घ्या, माझे आकडे नुसते समजण्यापुरते.

हटसन ड्राफ्टमध्ये ६२ वा होता, आणि काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवख्याची) त्यालाच मिळाली.

गोलीप्रेमी
सगळे पोरांच्या गोलांत रमलेत. अस्कारोव्ह सहावा ही चेष्टा आहे. बत्तीस संघ, म्हणजे रोज खेळणारे गोली जेमतेम बत्तीस. तुमच्या लीगला लागतात २४, आणि प्रत्येक जण एक जास्तीचा धरून बसतो. बाजारात शिल्लक काय राहतं?

चौथी फळी
गोली वर्षानुवर्षं स्लॉट अडवतात, हेही सांगा की. शेस्टेरकिन २०१४ चा ड्राफ्ट, पहिला सामना जानेवारी २०२० मध्ये. डस्टिन वुल्फ २०१९ च्या सातव्या फेरीत २१४ वा, नियमित झाला २०२४-२५ मध्ये. सात स्लॉटच्या लीगमध्ये पाच वर्षं एक जागा गोलीला देणं म्हणजे भाड्याचं घर कुलूप लावून ठेवणं. आणि २१४ व्या क्रमांकावरून असे गोली निघतात तर आधी घ्यायचाच कशाला?

गोलीप्रेमी
ती वाट अस्कारोव्हची संपलेली आहे! २०२० चा ड्राफ्ट, तेवीस वर्षांचा, आता उंबरठ्यावर आहे. भाडं आधीच्या मालकाने भरलं, कुलूप आता उघडतंय.

तक्तेवाली
उंबरठा सॅन होजेचा आहे पण. २०२४-२५ च्या हंगामात ८२ पैकी २० विजय. दुसरा गोली नेडेल्कोविचला आणलंय, तो काही सामने खाणार. ३० शॉट, ४ गोल, पराभव: २६ सेव्हचे ५.२, उणे ४, हातात १.२. तेच ३० शॉट, ३ गोल आणि विजय: ५.४ + ४ − ३ = ६.४. विजयाशिवाय गोली म्हणजे उपास.

गोलीप्रेमी
हरणाऱ्या संघावर शॉट ३० येतात का? ३५ धर. ४ गोल खाऊन हरला तरी ३१ सेव्हचे ६.२, उणे ४, म्हणजे २.२. तुझ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. आणि सेलेब्रिनी, मीसा मोठे होतायत, संघ कायम तळाला राहणार नाही. तेव्हा घ्यायला जाल तर भाव विचारायची सोय नसेल.

गल्लीतला रेफ्री
मार्टिनवर एक शब्द. हिटला ०.२ म्हणून कुणी हसू नका. धडका मारायची त्याला हौसच आहे. हंगामात २०० हिट म्हणजे ४० गुण, म्हणजे तेरा गोल. गोल आटले तरी हिट आटत नाहीत. उलट मार्टोन मिशिगन स्टेटला गेलाय. कॉलेजच्या हंगामात चाळीसच्या आसपास सामने, समोर बावीस-तेवीसचे गडी. त्याचे आकडे खाली येतील, तेव्हा घाबरून विकू नकोस. पण कॉलेजचा हंगाम संपेपर्यंत तो तुझ्या काही कामाचा नाही हेही लिहून ठेव.

निळी रेषा
सुधारित: डेमिडोव, मीसा, शेफर, पारेख, मार्टिन, अस्कारोव्ह, मार्टोन. डेमिडोवला हलवणार नाही. गोली सहावाच.

गोलीप्रेमी
ठीक. मग मार्टिनच्या तोडीचा फॉरवर्ड मी देतो, वर पुढच्या ड्राफ्टची दुसरी फेरी. अस्कारोव्ह मला दे.

निळी रेषा
नाही.

गोलीप्रेमी
पाचव्याच्या बदल्यात सहावा मागतोय, वर फेरी देतोय.

निळी रेषा
कळलं. तरी नाही.