मदत हवी आहे : ‘हार्बर’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरकर, समुद्राशी संबंध शून्य. पाणी म्हटलं की बिलावली तलाव नाहीतर नळाला येणारी नर्मदा. भाचीला इंग्रजी शिकवताना ‘हार्बर’वर गाडी अडली. मी म्हटलं, “बंदर.” ती हिंदी शाळेतली, खो खो हसत सुटली. “मावशी, बंदरात जहाज? झाडावर ना!”

हसणं ओसरल्यावर खरा प्रश्न उरला. पोर्ट म्हणजे माल चढवायची-उतरवायची जागा, धक्के, गोदामं. हार्बर म्हणजे वारा-लाटांपासून आडोसा असलेलं पाणी, नैसर्गिक किंवा बांध घालून केलेलं. मुंबईचं नैसर्गिक आहे. आपण दोन्हींना बंदरच म्हणतो. त्या आडोशाच्या पाण्याला वेगळा शब्द आहे का? कोकणातल्यांनी सांगा, तुमच्याकडे कोळी काय म्हणतात?

क्रियापद तर आणखी छळतं. गुन्हेगाराला हार्बर करणं म्हणजे थारा देणं, इथवर ठीक. (जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २१२ याच गुन्ह्याचं.) पण राग हार्बर केला की मनात अढी धरणं, आणि आशा किंवा शंका असेल तर बाळगणं. मूळ जुन्या इंग्रजीत म्हणे सैन्याच्या निवाऱ्याचा अर्थ होता, म्हणून ‘थारा’ मला सगळ्यात जवळचा वाटतो. पण रागाला थारा देणं म्हटलं तर चालेल? मला जरा ओढूनताणून वाटतं.

आणि स्पेलिंग: पर्ल हार्बरमध्ये ‘यू’ नाही, कारण ते अमेरिकन. भाचीने परीक्षेत ‘यू’ घालून लिहावं ना?