मदत हवी आहे: जुन्या लोखंडी रंध्याचा तळ सपाट करायचाय

नाशिकच्या भद्रकालीत जुन्या सामानात पाच नंबरचा बेली पद्धतीचा (स्क्रूने पातं खालीवर करायचा) रंधा मिळाला. १४ इंच लांब, पातं २ इंच. (घरात हा सातवा. फर्निचर म्हणाल तर अजून एक पाट झालाय, तोही डुगडुगतो.)

गंज व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन काढला. पात्याला धार उत्तम आहे, हातावरचे केस निघतात. पातं आणि त्याच्यावर बसणारी लोखंडी पट्टी यांच्यात फट नाही, उजेडात धरून पाहिलंय. तरी सागाच्या फळीवर सलग साल निघत नाही, मध्येच सुटते. तळाला सरळ मोजपट्टी लावून फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) मोजली: तोंडापाशी, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीपाशी, तळ ०.३ मिमी खोल आहे, पुढची-मागची टोकं टेकतात. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तीन संध्याकाळ घासला. खांदे गेले, खळगा जवळपास तसाच.

आता अंबड एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग (यंत्राच्या फिरत्या दगडाने तळ सपाट घासणं) करून घ्यावं म्हणतोय. भीती एवढीच की यंत्राच्या चुंबकी टेबलाने रंध्याचं बीड (ओतीव लोखंड) ओढून धरलं, तर सोडल्यावर तळ पुन्हा वाकेल. शिवाय रंधा उलटा ठेवायचा तर मूठ आणि पातं ज्यावर टेकतं तो आतला ठोकळा काढावाच लागेल, पण वापरताना पात्याचा ताण असतोच, त्याने तळ परत हलला तर?

नवा घे, असं कृपया सुचवू नका. ज्यांनी प्रत्यक्ष करून घेतलंय त्यांनी सांगा: कारागिराला रंधा चुंबकावर नुसता ठेवायला सांगू, की खाली पातळ पत्रे सरकवून आधार द्यायला? आणि ठोकळा परत बसवल्यावर तळ पुन्हा काचेवर घासावा लागला का?