अनुभव धागा : शाळेतील अभियांत्रिकीच्या वर्गात हातांनी केलेले प्रकल्प

शाळेत अभियांत्रिकी हा विषय ज्यांनी घेतला, किंवा आज जे तो शिकत आहेत, त्यांच्यासाठी हा धागा आहे. पूल असो, गाडी असो, यंत्रमानव असो किंवा भिंतीवर बसवायचा साधा कंस असो. जी वस्तू तुम्ही स्वतः आखली, मापली, कापली आणि जोडली, तिच्याविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. क्रमांक आला की नाही, हे सांगितले नाही तरी चालेल. कागदावरचे आणि हातात आलेले यांत अंतर कोठे पडले, ते कशामुळे पडले आणि ते तुम्हांला कधी उमगले, हे मात्र तपशिलाने सांगावे. मापे आठवत असतील तर तीही द्यावीत. शिक्षकांनीही अवश्य लिहावे. शाळेचे किंवा व्यक्तीचे नाव नको. सुरुवात मी करते.

आमचा पहिला मोठा प्रकल्प म्हणजे चपट्या लाकडी काड्या आणि गोंद एवढ्याच साहित्यातून ६० सेंटीमीटर गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमध्ये तेवढे अंतर असलेला पूल बांधणे. पूल स्वतःच्या वजनाच्या किती पट भार पेलतो, यावर गुण ठरणार होते, त्यामुळे प्रत्येक काडी विचारपूर्वक वापरायची होती. त्रिकोणांची जाळी करायची, हे आम्हांला ठाऊक होते. चौकोन कोपऱ्यांतून तिरका होऊ शकतो आणि त्रिकोण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार बदलत नाही, हे वर्गात चार काड्या आणि टाचण्या घेऊन आम्ही पाहिले होते. खालच्या पट्टीवर ताण येतो आणि ताणाने वस्तू तुटते, एवढे मनात पक्के बसल्यामुळे आम्ही खालची पट्टी दुहेरी केली आणि वरची एकेरी ठेवली. मध्यभागी बादली टांगून तिच्यात वाळू ओतायला सुरुवात केली, तेव्हा ११ किलोग्रॅमला पूल कोसळला. खालची पट्टी जशीच्या तशी होती. वरची पट्टी बाजूला बाक येऊन, पुलाच्या प्रतलाबाहेर झुकून मोडली होती.

त्या दिवशी शिक्षकांनी जे केले, ते मी आजवर विसरलेले नाही. त्यांनी एक पूर्ण काडी आणि एक अर्धी काडी हातात दिली आणि वजनकाट्यावर उभी धरून वरून हळूहळू दाबायला सांगितली. अर्ध्या काडीला बाक येण्यासाठी जवळजवळ चौपट जोर लागला. सडपातळ खांबाला बाक आणणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेले सूत्र त्यांनी त्यानंतर फळ्यावर लिहिले. सूत्र आधी शिकवले असते, तर मी ते पाठ केले असते आणि पूल तसाच बांधला असता, अशी माझी खात्री आहे. दुसऱ्या पुलात आम्ही वरच्या दोन पट्ट्यांना आडव्या आणि तिरप्या काड्यांनी एकमेकींशी बांधले. पट्टी जाड केली नाही, केवळ तिची मोकळी लांबी तोडली. पुलाचे वजन थोडेच वाढले आणि भार मात्र २७ किलोग्रॅमपर्यंत गेला. या वेळी तुटला तो एक सांधा. गोंद सुकण्यापूर्वी आम्ही चिमटा काढून घेतला होता.

माजी विद्यार्थी, सध्या यंत्रशाळेत काम

आमच्या वर्गात पहिले सत्र संपूर्णपणे कानशीवर गेले. ५० मिलिमीटर बाजूचा पोलादी चौरस तुकडा द्यायचा, त्याच्या चारही कडा सरळ आणि एकमेकींशी काटकोनात करायच्या, एवढाच प्रकल्प होता. नवशिक्याच्या हातात कानस पुढे जाताना झोका घेते, त्यामुळे कड मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना उतरती होते. गुण्या कडेला लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाशाची रेघ दिसते. ती रेघ नाहीशी व्हावी म्हणून मी एक कड घासत असे, मग तिच्यामुळे शेजारची बिघडे, आणि ती सुधारताना पहिली पुन्हा चुके. माझा तुकडा ५० मिलिमीटरचा राहिलाच नाही, तो ४६ मिलिमीटरवर येऊन थांबला. चूक हाताची होती, पण त्याहून अधिक क्रमाची होती. आधी एकच कड पूर्ण करायची, तिला आधार मानायचे आणि बाकीची सर्व मापे त्याच एका कडेपासून घ्यायची, हे मला तेव्हा कळले नव्हते. आज यंत्रावर काम करताना आराखड्यात आधारपृष्ठाची खूण मी सर्वांत आधी शोधतो.

दुसऱ्या सत्रातील अनुभव आखणीचा आहे. एका गटाने आराखडा काढायचा आणि दुसऱ्या गटाने काहीही न विचारता त्यावरून वस्तू बनवायची, असा तो प्रकल्प होता. आम्ही ३ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यापासून करायच्या कंसाचे तीन दर्शनी आराखडे काढले, सर्व मापे लिहिली आणि दिले. परत आलेला कंस प्रत्येक मापाला बरोबर होता, तरीही आमच्या ठोकळ्यावर बसेना, कारण त्यातील खाच उलट बाजूला आली होती. आम्ही प्रथम कोन प्रक्षेपणाने रेखाटले होते, ज्यात उजवीकडून दिसणारे रूप डावीकडे काढतात. समोरच्या गटाने ते तृतीय कोन प्रक्षेपण समजून वाचले, ज्यात तेच रूप उजवीकडे असते. कोणती पद्धत वापरली हे सांगणारी टोक कापलेल्या शंकूची छोटीशी खूण कोपऱ्यात काढायची असते. ती आम्ही काढली नव्हती, आणि परीक्षेत त्या खुणेला एकच गुण असल्यामुळे आम्हांला ती शोभेची वाटत आली होती.

विद्युत अभियंता, शाळा सोडून बरीच वर्षे झाली

मला वेगळ्या प्रकारच्या अंतराविषयी लिहायचे आहे. आमच्या चौघांच्या गटात मी एकटी मुलगी होते आणि माझे अक्षर चांगले होते, म्हणून पहिल्याच दिवशी प्रकल्पाची वही माझ्याकडे आली. वर्षभर मी ज्या गोष्टींना हात लावला नाही, त्यांची सुबक वर्णने लिहीत राहिले. कोणी मला मुद्दाम दूर ठेवले, असे म्हणता येणार नाही. ज्याला येते त्याने करावे, या सोयीच्या नियमाचा तो परिणाम होता. आणि ज्याला येते त्यालाच करायला मिळाले, तर ज्याला येत नाही त्याला ते कधीच येणार नाही, हे साधे सत्य शिक्षकांच्याही लक्षात आले नाही. वहीला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. मला त्याचे फार वाईट वाटले होते, हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

पुढच्या वर्षी नव्या शिक्षिकांनी दर आठवड्याला कामे फिरवली. मापणे, कापणे, जोडणे आणि नोंद ठेवणे यांपैकी प्रत्येक काम प्रत्येकाकडे येई आणि त्यात अदलाबदल करण्याची मुभा नव्हती. माझ्या वाट्याला सोल्डरिंग, म्हणजे मिश्रधातूची तार वितळवून सांधा जोडण्याचे काम आले, तेव्हा मी तापलेल्या टोकावर तार वितळवून तो थेंब सांध्यावर ठेवला. थेंब गोळ्यासारखा बसला, दिवा लागेना, आणि बोटाने दाबल्यावर तेवढ्यापुरता लागे. वर्षभर वहीत मी ‘सांधा सोल्डर केला’ असे लिहिले होते, पण त्या तीन शब्दांत काय काय असते, याची मला कल्पना नव्हती. टोकाने तांब्याची पट्टी आणि घटकाचा पाय हे दोन्ही एकाच वेळी तापवायचे आणि तार त्यांना लावायची, टोकाला नव्हे. मग धातू आपणहून पसरतो आणि पायाभोवती चढतो. कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेले मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते. शिसे नसलेल्या नेहमीच्या मिश्रणांना त्याहून सुमारे ३५ ते ४५ अंश अधिक लागतात, म्हणून त्यांच्याशी काम करताना घाई केली की सांधा कच्चा राहतो. चमक पाहून सांधा पारखावा, असे जुन्या पुस्तकांत असते, पण शिसे नसलेला चांगला सांधाही थोडा निस्तेज दिसतो. त्याची कड पट्टीवर पातळ होत पसरली आहे का, ते पाहावे.

ज्या शिक्षकांच्या हाती गट पाडणे आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कामे फिरवावीत आणि ती फिरतात की नाही, हे स्वतः उभे राहून पाहावे.

शिक्षक

वरील विनंती मला पटते आणि तिच्यात मीही कमी पडलो आहे, हे मान्य करून पुढे लिहितो.

रेषेवरून चालणारी गाडी हा माझ्या वर्गाचा ठरलेला प्रकल्प आहे. गाडीच्या पुढच्या भागाखाली अवरक्त किरण सोडणारे आणि परतलेले किरण मोजणारे संवेदक असतात. पांढरा पृष्ठभाग किरण परत पाठवतो, काळी रेषा ते शोषून घेते, आणि त्या फरकावरून गाडी वळते. एका वर्षी सर्व गाड्या सायंकाळच्या सरावात उत्तम चालल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीजवळच्या टेबलावर, एकही रेषेवर टिकली नाही. विद्यार्थ्यांनी प्रोग्राम तपासले, चाके तपासली, बॅटऱ्या बदलल्या. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून माहीत होते, पण ते ज्ञान आणि समोरची भरकटलेली गाडी यांची गाठ पडायला दोन तास लागले. उत्तर सांगण्याचा मोह मला त्या दोन तासांत अनेकदा झाला.

काही गटांनी संवेदकाभोवती काळ्या कागदाचा झगा लावला. काहींनी धाव सुरू करण्यापूर्वी काळ्या आणि पांढऱ्याची मोजणी नव्याने करण्याची सोय केली. एका मुलीने मात्र स्वतःच विचार करून असे सुचवले की आपला किरण बंद ठेवून एकदा मोजावे, चालू करून पुन्हा मोजावे आणि दोहोंची वजाबाकी करावी, म्हणजे बाहेरच्या प्रकाशाचा भाग गळून पडेल. ही रीत अभियंते प्रत्यक्ष वापरतात, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यासाठी मी हा विषय शिकवतो.

बाजारात मिळणाऱ्या तयार संचांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. लहान मुलांची भीती घालवण्यासाठी ते उपयोगी पडतात, हे खरे. परंतु त्यांत प्रत्येक भोक आधीच योग्य जागी पाडलेले असते, त्यामुळे भोक कोठे असावे, हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

विद्यार्थिनी

माझा अनुभव छोटा आहे. आम्ही त्रिमितीय छपाईने दप्तर अडकवायचा आकडा बनवला होता आणि तो उभा छापल्यामुळे पहिल्याच दिवशी एका आडव्या रेषेत स्वच्छ तुटला. छापलेली वस्तू थरांवर थर देऊन बनते आणि दोन थरांमधील बंध हा तिचा कच्चा भाग असतो. तोच आकडा आडवा छापल्यावर टिकला. त्याशिवाय ५ मिलिमीटरचा दांडा ५ मिलिमीटरच्या छापील भोकात जाणार नाही, हेही समजले. आता आम्ही आधी ५.० पासून ५.५ पर्यंतच्या भोकांची एक चाचणीपट्टी छापून पाहतो.

माजी विद्यार्थी, बांधकाम अभियंता

आम्हांला टांगत्या फळ्यांची एक प्रतिकृती करायची होती. आराखड्यात वरपासून खालपर्यंत एकच आटे पाडलेली सळई होती आणि प्रत्येक फळी तिच्यावरील स्वतःच्या नटावर बसणार होती. इतक्या लांब सळईवर नट फिरवत नेणे कंटाळवाणे होते, म्हणून आम्ही दोन आखूड सळया घेतल्या. वरची फळी पहिलीला आणि खालची फळी वरच्या फळीलाच टांगली. दिसायला काहीच फरक नव्हता. वजने ठेवल्यावर वरच्या फळीतून नट आरपार निघून आला.

शिक्षकांनी दोन्ही रचना फळ्यावर काढून प्रत्येक नटावर किती भार येतो, हे आमच्याकडूनच लिहवून घेतले. पहिल्या रचनेत वरच्या नटावर केवळ वरच्या फळीचा भार होता, आमच्या रचनेत दोन्ही फळ्यांचा. मग त्यांनी सांगितले की १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसे मृत्यू पावली, आणि तेथेही एका सळईच्या जागी दोन सळया घेण्याचा बदल झाला होता, ज्यामुळे वरच्या मार्गाच्या सांध्यावरचा भार दुप्पट झाला. मूळ रचनाही नियमांना पुरेशी नव्हती, हे नंतरच्या चौकशीत दिसून आले. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. आज कामाच्या जागेवरून ‘थोडा बदल केला तर चालेल का’ असे विचारणारा फोन येतो, तेव्हा मी ‘चालेल’ असे फोनवर कधीही म्हणत नाही; आराखडा मागवून घेतो.

विद्यार्थी, प्रकल्प अद्याप चालू

आम्ही चार छोट्या सर्व्हो मोटरींचा, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणाऱ्या मोटरींचा यांत्रिक हात करत आहोत. हात वर उचलताच तो मध्येच थांबून पुन्हा मूळ जागी येई, म्हणून मी नऊ दिवस प्रोग्राममधील चूक शोधत होतो. शेवटी प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला दिवा तीन वेळा लुकलुकण्याची सूचना लिहिली, आणि हात उचलताना तो दिवा पुन्हा लुकलुकला. म्हणजे नियंत्रक दर वेळी बंद पडून नव्याने सुरू होत होता. मोटरी एकदम सुरू होताना जेवढा प्रवाह ओढतात, तेवढा संगणकाच्या यूएसबीतून मिळत नव्हता आणि विद्युतदाब खाली येत होता. मोटरींना वेगळी वीज दिली आणि दोन्हींची ऋण तार एकत्र जोडली, तेव्हा तो प्रश्न सुटला.

आता दुसरा उभा राहिला आहे. हात पूर्ण लांब केला की खांद्याची मोटर थरथरते. तिची क्षमता १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर आहे, म्हणजे १ सेंटीमीटर अंतरावर ती १.८ किलोग्रॅम पेलते. २० सेंटीमीटरवर धरलेली ५० ग्रॅमची वस्तू १.० घेते, ६० ग्रॅमची पट्टी तिच्या मध्याशी, म्हणजे १० सेंटीमीटरवर, ०.६ घेते आणि १८ सेंटीमीटरवर बसवलेली ९ ग्रॅमची पंजाची मोटर सुमारे ०.१६ घेते, बेरीज १.७६ होते, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. पट्टीला भोके पाडून ती ४० ग्रॅमवर आणायची आणि पंजाची मोटर कोपराजवळ, १० सेंटीमीटरवर सरकवून पंजा दोऱ्याने ओढायचा, असे आम्ही ठरवले आहे. दोन्ही मिळून ०.२७ वाचावेत, असा हिशेब आहे. भोके उद्या पाडणार आहोत. पट्टी त्यानंतर किती वाकते, ते मोजून येथे लिहीन.