जुन्या बीबीसी मायक्रोला माउस जोडून काही उपयोग होतो का?

पाटी_पेन्सिल (यवतमाळ जिल्हा) :
तालुक्याच्या एका शाळेने निर्लेखित केलेल्या सामानाच्या लिलावातून बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, माझ्याकडे आला आहे. 1984-85 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेत शाळांना दिला गेला तोच हा संगणक. त्याला डिस्क ड्राइव्हही जोडलेला असून दोन्ही सुरळीत चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातील मुलांना तो दाखवावा असा विचार आहे. परंतु मोबाइलवर वाढलेली ही मुले पडद्याला आधी बोट लावून पाहतात. परदेशातून या संगणकासाठीचा जुना एएमएक्स माउस मागवता येईल, मात्र तो स्वस्त नाही. एवढा खर्च करणे योग्य ठरेल काय?

जुना_कळफलक :
गुरुजी, माझ्या मते मागवू नये. माउस उपयोगी पडतो तो त्याची दखल घेणाऱ्या प्रोग्रॅममुळे, आणि या यंत्रावरचे बहुतेक प्रोग्रॅम कळफलक समोर ठेवूनच लिहिलेले आहेत. बेसिक या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेतील ओळ दुरुस्त करायची असेल तर बाणांच्या कळांनी त्या ओळीपर्यंत जाऊन कॉपी कळ दाबत राहावे लागते, आणि ही पद्धत एकदा बोटांत बसली की माउसची आठवणही होत नाही. वर्डवाइज या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये पत्र लिहितानाही हात कळफलकावरून उचलावा लागत नाही. शिवाय एएमएक्सची रॉम, म्हणजे माउस चालवणारा प्रोग्रॅम कायमचा साठवलेली चिप, आत बसवावी लागते. अशा चिपांसाठीच्या पाच सॉकेटांपैकी एक कार्यप्रणालीचे, एक बेसिकचे आणि आपल्याकडे डिस्क असल्याने एक तिच्या रॉमचे; उरली दोन.

दगडी_पाटी :
भाऊंचे म्हणणे लेखनापुरते खरे आहे, चित्रांच्या बाबतीत नाही. बाणांच्या कळांनी वक्ररेषा काढून पाहावी, म्हणजे फरक कळेल. एएमएक्स आर्ट या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये चित्र काढणे, रंग भरणे ही कामे माउसने सहज होतात, आणि लहान मुलांना नेमके तेच हवे असते.

खरी अडचण मेमरीची आहे. एकूण 32 केबीपैकी चार रंगांचा मोड 1 (मोड म्हणजे पडद्यावर दाखवण्याची पद्धत) पडद्यासाठीच 20 केबी घेतो. डिस्कची यंत्रणा असल्यास बेसिक प्रोग्रॅमला जेमतेम 5,888 बाइट उरतात. मोड 7 मध्ये हीच जागा 25,344 बाइट असते, पण तो मुख्यतः अक्षरांचा मोड असल्याने तिथे माउसला फारसे काम नाही. त्यामुळे मुले स्वतः माउसवर चालणारा मोठा प्रोग्रॅम लिहितील, ही अपेक्षा ठेवू नये.

पाटी_पेन्सिल :
घरात पडून असलेला यूएसबी माउस तारा जोडून चालवता येईल का?

दगडी_पाटी :
थेट नाही. एएमएक्स माउसमध्ये गोळी फिरली की खाचा असलेली चाके फिरतात आणि प्रत्येक खाचेचा संकेत यूजर पोर्ट या जोडणीमार्फत संगणकातील 6522 चिपकडे जातो. ती प्रोसेसरचे चालू काम क्षणभर थांबवते आणि रॉममधील प्रोग्रॅम ती हालचाल मोजतो. यूएसबी माउस असे सुटे संकेत देत नाही, म्हणून मध्ये संकेत बदलून देणारे मायक्रोकंट्रोलरचे (छोट्या नियंत्रक चिपचे) सर्किट बसवावे लागते. अमिगा किंवा अटारी एसटी या संगणकांचा जुना माउस मिळाल्यास तारांची जागा बदलून तो चालवता येतो, तरी रॉम लागतेच.

सरकी_आणि_चिप (वर्धा जिल्हा) :
आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. आपल्याकडे भाव वाढेल या आशेने कापूस घरातच रचून ठेवलेला असतो आणि त्याचे बारीक तंतू सगळीकडे उडतात. गोळीच्या माउसमध्ये ते आतील रोलरला गुंडाळले जातात आणि बाण पडद्यावर अडखळू लागतो. गोळी काढून रोलर चिमट्याने साफ करणे अवघड नाही, पण ते वारंवार करावे लागते.

त्यापेक्षा मागच्या बाजूला अ‍ॅनालॉग पोर्ट आहे, त्याला दोन पोटेन्शिओमीटरची (रेडिओच्या आवाजाच्या बटणासारख्या फिरत्या रोधांची) जॉयस्टिक जोडावी. नागपूरच्या बाजारात पोटेन्शिओमीटर किरकोळ किमतीत मिळतात. त्यासाठी रॉम लागत नाही. बेसिकमधील अ‍ॅडव्हॅल या शब्दाने 0 ते 65520 पर्यंतचा आकडा थेट वाचता येतो आणि तो 64 ने भागला की रेषा काढण्याच्या आज्ञेत वापरता येतो. माउसइतकी सफाई येणार नाही, कारण हात थोडा थरथरला तरी आकडा बदलतो. परंतु तो बदलणारा आकडा मुलांना पडद्यावर छापून पाहता येईल, आणि माझ्या दृष्टीने एएमएक्स आर्टच्या तयार चित्रापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

पाटी_पेन्सिल :
आभारी आहे. आधी जॉयस्टिक करून पाहतो. त्या पोर्टच्या पंधरा पिनांपैकी कोणत्या पिना लागतील, तेवढे कृपया कळवावे.