जयंतीच्या कार्यक्रमात सोल म्युझिक लावलं तर पब्लिक ऐकेल का?

बुधवारपेठकर: आमच्या मंडळाचा भीमजयंतीच्या आदल्या दिवशी हॉलमधे तासाभराचा कार्यक्रम आहे. वामनदादा कर्डकांची गाणी होणारच, पण सोबत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीतली सोलची (म्हणजे चर्चच्या गाण्यातनं निघालेलं त्यांचं म्युझिक) तीनचार गाणी लावून मधेमधे मराठीत सांगायचं असं डोक्यात आहे. आपल्या पोरांना १९७२ ची दलित पँथर माहीत असते, नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरनं आलं हे पण माहीत असतं, पण त्याच्याही आधी ती माणसं लाठ्या खात होती तेव्हा काय ऐकून दम धरत होती हे कोण सांगतंय? मंडळातला एकजण म्हणतो इंग्लिश कुणाला कळतंय बे, डीजे लाव. कुठली गाणी घेऊ? आशा देणारी पाहिजेत, रडकी नकोत.

सातरस्ता_सायकल: गायक सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' घ्याच. ऑक्टोबर १९६३, लुईझियानातलं श्रीव्हपोर्ट, एवढा मोठा स्टार, बुकिंग केलेलं, तरी काळा म्हणून मोटेलात रूम दिली नाही, वर भांडला म्हणून पोलिसांनी पकडलं. काही महिन्यांत गाणं रेकॉर्ड झालं. ११ डिसेंबर १९६४ ला गोळी लागून तो गेला आणि सिंगल (त्या गाण्याची सुटी रेकॉर्ड) आली त्यानंतर. सिनेमाला गेलो तर इथं थांबू नको म्हणतात असं एक कडवं आहे, ते सिंगलमधनं कापलेलं, म्हणून अल्बममधलंच लावा. आणि रडकी नकोत म्हणताय, पण या गाण्यातला माणूस जगायला कंटाळलाय आणि मरायला पण भितोय, तरी दिवस बदलणार म्हणतो. तेवढं दुःख काढलं तर उरतं काय दादा?

कोरसवाली: इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका हो. हे गायक बहुतेक चर्चमधे गाऊन तयार झालेले, तिथं एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. माझे मामा जलशात कोरसला असायचे, शाहिरानं ओळ सोडली की यांनी झेलायची, सेम तेच. इम्प्रेशन्स या तिघांच्या ग्रुपचं 'कीप ऑन पुशिंग' (१९६४) लावा, शिकागोच्या कर्टिस मेफिल्डनं लिहिलंय, मोर्च्यांमधे लोक म्हणायचे ते. त्याचंच 'पीपल गेट रेडी' पुढच्या वर्षीचं, त्यात गाडी येतीय, सामान नको, तिकीट नको, नुसतं चढा. तीन आवाज एकात एक कसे शिरतात ते ऐका, हॉलमधे दुसऱ्यांदा लावलं की पब्लिक आपोआप गुणगुणतंय बघा.

गड्ड्यावरचा: आशा आशा करून लय गोड करू नका बे. १५ सप्टेंबर १९६३ ला अमेरिकेतल्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या काळ्या लोकांच्या चर्चमधे बॉम्ब ठेवून चार पोरी मारल्या, त्यावर गायिका नीना सिमोननं 'मिसिसिपी गॉडॅम' केलं, चाल नाटकातल्यासारखी उड्या मारती आणि शब्द नुसते निखारे. तिला सोलमधे धरायचं का नाही यावर भांडत बसा, पण लावा. आणि अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' विसरू नका. मूळ ओटिस रेडिंगचं १९६५ चं, त्यात घरी आल्यावर मान दे म्हणून पुरुष मागतोय. अरेथानं १९६७ ला तेच बाईच्या तोंडी घातलं, वर त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठणकावलं. बायकांनी पण उचललं, चळवळीनं पण.

बुधवारपेठकर: ठरलं, सॅम कुक अल्बमवालं, मग 'कीप ऑन पुशिंग', मग अरेथा, आणि ती संपली की लगेच वामनदादा, मधे भाषण नाही. नीनाचं आधी कमिटीला ऐकवतो, बोंबलतील पण ऐकवतो. कोरसवाली ताई, 'कीप ऑन पुशिंग'ला पुढं बसून ओळ उचलायला येता का? चारपाच पोरी सोबत आणल्या तर लय बरं. आणि पेनड्राइव्ह चालणारा चांगला स्पीकर कुणाकडं आहे का, आमच्याकडचा नुसता बेस मारतो, शब्द कळतच नाहीत.